चिमटीतला दोर

मी जोर लावला म्हणून आमच्या गावची सासनकाठी पडली.

जोर कमी पडला म्हणून नव्हे, लावला म्हणून. पाडव्याच्या दिवशी, भर गर्दीत, हलगी कडाडत असताना ती सबंध काठी माझ्याच दिशेनं आली आणि शाळेच्या कौलांवर आडवी झाली. मी वेळेवर पळालो. तेवढं एक काम मी त्या दिवशी नीट केलं. शाळेला सुट्टी होती म्हणून खाली मास्तर नव्हते. पोरांपैकी काहींना त्याचंही वाईट वाटलं.

ज्यांनी जोतिबाची काठी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळाच्या कळसापेक्षा उंच वेळू, त्याला खालपासून वरपर्यंत रंगीत कापड गुंडाळलेलं, शेंड्याला तुरा. बूड एका दणकट माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात. वरच्या अंगाला बांधलेले चार दोर चार बाजूंना चार माणसं धरतात, म्हणजे काठी कलत नाही. त्या दोरांना तोरण्या म्हणतात. मागच्या तोरणीचा मान आमच्या घराकडं होता, पणजोबांच्याही आधीपासून. त्या वर्षी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खांदा धरला होता. दोर पहिल्यांदाच माझ्या हातात आला, आणि मी मनाशी ठरवलं की भक्तीत कमी पडायचं नाही.

काठी धरणारे तात्या पैलवान कौलं गोळा व्हायच्या आत बोलले. ‘फुडच्या पाडव्याला ह्या घराच्या हातात दोर असंल तर मी पट्टा बांधत न्हाई.’ तात्यांशिवाय ती काठी पेलणारं गावात कुणी नव्हतं, आणि आमच्या दोराला हात लावायला खालची आळी टपलेलीच होती. शिवाय तात्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की काठी पडायच्या आधी देव जड झाला होता. दोनचार वर्षं होतच होता, त्या दिवशी लय झाला. आमच्याकडं देव जड झाला, म्हणजे काठी पेलवेनाशी झाली, की गावात कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं असतं. कुणाचं, हे त्या वर्षी शोधत बसावं लागलं नाही.

अण्णा काहीच बोलले नाहीत. यात्रा झाली, उन्हाळा गेला, तरी बोलले नाहीत. मला काही सांगायचं असलं तर आईला सांगायचे, मी समोर बसलेला असताना.

त्याच सुमारास सांगलीत डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मी एका विषयात नापास झालो होतो. विषय होता बलांचा समतोल. वस्तू जागच्या जागी उभी कशी राहते, एवढंच त्यात असतं. म्हणजे एकाच विषयात मी गावचा सातारा आणि कॉलेजची सांगली अशा दोन जिल्ह्यांत नापास झालो. आणि हा विषय जे सर आम्हाला शिकवायचे, त्यांच्याबद्दल खरं तर मला सांगायचंय.

सर वर्गात आले की आधी कशावर तरी तळहात ठेवायचे. टेबलावर, खिडकीच्या चौकटीवर, एकदा तर प्राचार्यांच्या खांद्यावर. मग मान तिरकी करून विचारायचे, ‘ह्याला कोण धरलंय?’

प्राचार्यांच्या बाबतीत उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण वर्गात कुणी दिलं नाही.

सर सांगलीजवळच्या एका शेतकरी जैन घरातले. थोरले भाऊ ऊस बघायचे आणि हे शिकले. अंगानं बारीक, सदरा दोन माणसांचा. बोलणं अस्सल तिकडचं. पुस्तकातला शब्द आला की तो ते जरा अंग चोरून उच्चारायचे, पाहुण्यांच्या घरातलं भांडं उचलावं तसा. ‘गप बसलेली वस्तू आळशी नसती,’ असं ते सांगायचे. ‘चारी बाजूनं ओढाओढ चाललीया, कोण जिकत न्हाई, एवढंच.’

त्यांच्याकडं एक काळी सायकल होती. हँडलला डबा, कॅरिअरला नकाशांच्या गुंडाळ्या, आणि शेजारून सर चालत. सायकलीवर बसलेले ते कुणी पाहिले नाहीत. मी आगाऊपणानं एकदा विचारलं. सर अजिबात ओशाळले नाहीत. ‘चालती वस्तू माझ्या खात्यात न्हाई,’ म्हणाले. ‘ते दुसऱ्या वर्षाला हाय. तिकडच्या सरांना विचार.’

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती टेबलावरून. टेबलावर पुस्तक आहे, पुस्तक टेबलाला खाली दाबतं, टेबल पुस्तकाला वर ढकलतं, असं त्यांनी सांगितलं. मी उभा राहून म्हटलं की सर, टेबल कशाला ढकलेल, ते लाकडाचं आहे. वर्ग हसला. मला वाटलं आपण जिंकलो.

सरांनी दोघांना सांगून टेबल बाजूला काढलं. मला टेबलाच्या जागी उभं केलं, हात पुढं करायला लावले, आणि त्यावर ग्रंथालयातली जाड पुस्तकं एकावर एक रचली. मग फळ्याकडं वळून पुढचा भाग शिकवायला लागले. मला ते विसरले असं तुम्ही म्हणाल. मीही तेच समजत होतो. हात थरथरायला लागल्यावर मी म्हटलं, ‘सर, दुखतंय.’

‘टेबल कधी बोललंय काय?’ सर मागं न वळता म्हणाले. ‘आता सांग, वर ढकलतोयस का न्हाई?’

ढकलत होतो. तास संपेपर्यंत ढकलत होतो. पण ते कळणं माझ्या दंडापाशी येऊन थांबलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही. म्हणून तर नापास झालो.

काठीची गोष्ट सरांना कळली ती माझ्या तळहातांमुळं. दोरानं सालटी निघाली होती, खडू धरवत नव्हता. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. शाळेची कौलं, तात्यांची धमकी, अण्णांचं गप्प बसणं, दोर आता आमच्या घरातून जाणार हे. सांगताना आवाज जरा भरून आला, तोही मी लपवला नाही. वाटलं, सर पाठीवर हात ठेवतील. त्यांनी हातात फडकं दिलं आणि खडू.

‘काठी काढ. एकटी.’

मी काठी काढली. मग कुणीतरी धरायला हवी म्हणून तात्या काढले. मग चार दोर, चार माणसं, देऊळ, हलगीवाला. हलगी मला फारच छान जमली. सरांनी पाहिलं, म्हणाले, ‘हलगी झकास हाय. पूस.’

हलगी पुसली, देऊळ पुसलं, माणसं पुसली. तात्या पुसताना हात जरा कचरला. काठीच्या वर मी मिशांचा एक चेहरा काढला होता.

‘हा कोण?’

‘देव, सर.’

‘पूस की.’

‘देव कसा पुसू?’

सर विचारात पडले. ह्या देवाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण दुसऱ्याचा देव पुसायला लावणं हेही त्यांच्या स्वभावात नव्हतं. ‘ऱ्हाऊ दे,’ म्हणाले. ‘फकस्त त्याच्या जोराचा बाण काढू नको.’

फळ्यावर काठी एकटीच उभी राहिली. कुणाचा आधार नसताना. मला तिची दया आली. सर म्हणाले, ‘आता ज्याला ज्याला पुसलास, तो काय करत हुता ते बाणानं दाखव. माणूस पुसला तर चालतंय. त्यानं लावलेला जोर पुसून चालत न्हाई.’

बाण काढता काढता त्यांनी मला असं विचारत नेलं की पळायला वाट राहिली नाही. दोर कधी ढकलतो का? नाही, ओढतो. कुठं ओढतो? बाजूला. नुसता बाजूला? दोर वरनं खाली येतो, म्हणजे खालीही ओढतो. खाली कोण आहे? तात्या. मी चार बाण काढले आणि चारही थोडे थोडे तात्यांकडं उतरले. काठीजवळ उभं राहून ओढलं तर जास्तच उतरले. मी नकळत वरच्या मिशांकडं पाहिलं.

‘तिकडं बघू नको. त्याचा काय संबंध न्हाई,’ सर म्हणाले. ‘देव हाय तेवढाच हाय. ही चौघं त्या माणसाच्या कमरंला लोंबकळत्यात.’

खरंच की. आमच्याकडं दोर सैल धरणं म्हणजे श्रद्धा सैल धरणं. एकानं ताणला की दुसरा त्याहून ताणणार, आणि भार सगळा तात्यांवर. राहिला प्रश्न काठी माझ्याच अंगावर का आली. सरांनी समोरच्या दोराची चौकशी केली. तो माझ्या चुलतभावाकडं होता, आणि नेमका त्या वेळी तो दोर सोडून गुलाल उधळत होता.

‘तू ओढलास आणि तिकडनं उत्तर आलं न्हाई,’ सर म्हणाले. ‘हात घालायच्या आधी समोर कोण काय धरलंय ते बघायचं. तुझी चूक एवढीच. पण तेवढी बास झाली.’

हिवाळ्याच्या आत मी तो विषय सोडवला. काठावर पास झालो. ही बातमी आईनं अण्णांना सांगितली, मी समोर असताना. पाडवा जवळ आला तसा मी सरांच्या मागं लागलो की तुम्ही एकदा गावाला याच. मी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, ऐकलं तर मारतील. सरांनी एकच विचारलं, ‘दिवस मावळायच्या आत जेवाय मिळंल काय?’ मिळेल म्हटलं तरी निघताना त्यांनी डबा घेतलाच.

एसटीनं कऱ्हाडपर्यंत आणि पुढं दुसऱ्या गाडीनं आम्ही दुपारी गावात पोचलो. देवळापुढं सगळे जमले होते. काठी जमिनीवर सजून पडलेली. तात्या पारावर बसले होते आणि पट्टा त्यांच्या खांद्यावर होता, कमरेला नव्हता. म्हणजे शब्द अजून तोच होता. खालच्या आळीचा एकजण नवं धोतर नेसून तयार होता. अण्णा एका बाजूला, आमचा दोर वेटोळं करून हातात धरून उभे होते. असं वाटत होतं की कुणी मागितला की देऊन टाकतील, आणि कुणी मागू नये म्हणून जागचे हलत नव्हते.

मला वाटलं सर आता भाषण करतील. ते सरळ तात्यांकडं गेले, त्यांच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि मान तिरकी केली.

‘ह्यांना कोण धरलंय?’

‘मला कोण धरणार?’ तात्या म्हणाले. ‘मीच धरतोय समद्यास्नी.’

‘लय जड होतंय म्हणं.’

तात्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. मी शेजारी होतो म्हणून ऐकू आलं. ‘व्हय गुरुजी. कंबर जाती. वय झालं असंल. पण सांगू कुणाला?’

इतकी वर्षं देव जड होत होता तो असा. तात्यांना देवाचं भय नव्हतं, स्वतःच्या कमरेचं होतं. मी काठी पाडली तेव्हा त्यांना एक कारण मिळालं, एवढंच.

सर म्हणाले, ‘वय न्हाई झालं. ही चौघं तुमच्या कमरंला लोंबकळत्यात.’

तात्यांनी चौघा दोरवाल्यांकडं पाहिलं. असं पाहिलं की चौघंही एक पाऊल मागं सरकले. सरांना तेच हवं होतं. ते म्हणाले, आणखी मागं जा. लांब उभं राहा. आणि दोर मुठीत धरायचा नाही, चिमटीत धरायचा.

इथं गलका झाला. माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘देव चिमटीत धरायचा? तपकीर हाय व्हय?’ म्हातारी मंडळी माना हलवायला लागली. खालच्या आळीचा धोतर सावरत पुढं आला. सर माझ्याकडं बघून म्हणाले, ह्यांना फळा दाखव की. फळा सांगलीत होता.

तात्या उठले. पट्टा कमरेला बांधला, आवळला, आणि म्हणाले, ‘एकदा चिमटीत धरून बघू द्या. पडली तर गुरुजींच्या अंगावर पडू दे.’

अण्णा माझ्यासमोर आले. दोराचं वेटोळं माझ्या हातात ठेवलं. ‘धर,’ म्हणाले. मला, माझ्याकडं बघून.

काठी उभी राहिली. उभी करेपर्यंत सगळ्यांनी दणकून ओढलं, ते ओढावंच लागतं. पण सरळ झाल्यावर सर हात खाली दाबून दाबून ‘ढील, ढील’ म्हणत राहिले आणि एकेकाची मूठ सुटली. माझ्या दोन बोटांत दोर होता. वर सगळा वेळू, तुरा, वारा, आणि बोटांत येत होती ती नुसती एक कुरकुर. कुणीतरी हलकेच बाही ओढावी तशी. समोरच्यानं जरा ओढलं की मला कळायचं, मी जरा उत्तर द्यायचो. तात्यांचा चेहरा लाल व्हायचा राहिला. त्यांनी एक पाऊल इकडं, एक तिकडं टाकून बघितलं आणि मग अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, ‘देव हलका झाला.’

झालं. चांगभलंचा गजर, गुलाल, आणि लोक सरांच्या पाया पडायला धावले. सर घाबरून मागं सरकत होते. ‘आवं, पाया काय पडताय, बाजूला व्हा, दोर अडकतोय,’ असं विनवत होते. एका म्हाताऱ्याला त्यांनी काडी आणि सुतळी घेऊन सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘मग आमची म्हस कवा दूध देईल?’ गावात आजही सांगतात की सांगलीचे एक महाराज आले आणि त्यांनी नुसत्या हाताच्या खुणेनं देव हलका केला.

मग काठी देवळाभोवती चालायला लागली. सरांनी आधी काठीकडं पाहिलं, मग उतरत्या सूर्याकडं. ‘चालती वस्तू माझ्या खात्यात न्हाई,’ म्हणाले आणि पारावर बसून डबा उघडला. मला काही राहवेना. सर आपल्याकडं बघतायत का, हे पाहायला मी मान मागं वळवली. बघत होते. घास तोंडात, भाकरीचा तुकडा हातात, आणि त्या भाकरीनं ते जिवाच्या आकांतानं समोर दाखवत होते. मी समोर पाहिलं. काठी कलली होती, चुलतभाऊ डोळे वटारून दोर ताणत होता. मी चिमूटभर उत्तर दिलं. काठी सरळ झाली. दोर आमच्या घरात राहिला.

तेव्हापासून दर वर्षी पाडवा झाला की मी सरांकडं काठीवरचं खोबरं घेऊन जायचो. डिप्लोमा संपला, साताऱ्याला ओव्हरसियर म्हणून लागलो, तरी जायचो. मात्र दिवस मावळायच्या आत. सर खोबरं चावत विचारायचे, ‘पैलवानाची कंबर कशी हाय?’ माझ्या नोकरीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. मी बांधलेल्या एका मोरीवरनं मात्र एकदा सायकल ढकलत गेले होते, असं ऐकलं. त्यांनी ती सायकल मोरीवर चढवण्याआधी बराच वेळ खाली वाकून पाहिलं, असंही ऐकलं.

निवृत्त झाल्यावर सायकल अंगणातच असायची, तोंडल्याच्या मांडवाच्या खांबाला टेकलेली. मी एकदा म्हटलं, सर, आत ठेवू का, गंजेल. ‘ऱ्हाऊ दे तिथंच,’ म्हणाले. मला वाटलं, वयाचा आळस.

त्यानंतर काही वर्षांनी एकदा असाच खोबरं घेऊन गेलो. दार सरांच्या पत्नीनं, काकूंनी, उघडलं. सर शिमग्याच्या आधीच गेले होते. मला कळवायचं राहून गेलं, असं काकू म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच सांगून पाणी आणायला आत गेल्या. खोबऱ्याची पुडी माझ्या हातात. ती कुठं ठेवावी तेही कळेना.

अंगणात सायकल तशीच होती. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, हँडलवर वेलीचा एक तंतू चढलेला. तुम्हाला काय सांगू, मला एकदम ते फळ्यावरचं आठवलं. माणूस पुसला तरी त्याचा जोर पुसता येत नाही ते. डोळे भरून आले. आणि डोळे भरून आले की माझ्या हातांना काहीतरी करावंसं वाटतं, हा माझा जुनाच दोष. सरांची सायकल अशी उन्हात नको, असं म्हणून मी पुडी खिशात टाकली, हँडल धरलं आणि मनापासून ओढलं.

सायकल आली. पाठोपाठ खांब आला. खांबामागनं सगळा मांडव, वेल, तोंडली आणि वरच्या वाळक्या काटक्या माझ्या डोक्यावर आल्या. ह्या खेपेला मी वेळेवर पळालो नाही. पानांतून बाहेर आलो तेव्हा खांबाचं बूड दिसलं. वाळवीनं खाऊन पार भुसा झालेलं.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘सायकल खांबाला टेकली न्हवती रं, खांब सायकलीला टेकला हुता. हे म्हणायचेच, ह्या पोराला पास केलं तेवढं माझं चुकलं.’